न्यायमूर्तींचा पगार आणि जॉन ॲडम्स

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट आपल्याकडे शाळेत शिकवतात ती बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्यांपासून. लाल इंडियनांची सोंगे घेतलेले लोक, रात्रीची वेळ, पाण्यावर तरंगणारा चहा. चित्र मोठे नाट्यमय आहे, मुलांच्या लक्षातही राहते. मला मात्र ही गोष्ट एका रुक्ष वाटणाऱ्या ठिकाणाहून सुरू करावीशी वाटते. ते ठिकाण म्हणजे न्यायाधीशांचे पगारपत्रक. मॅसॅच्युसेट्सच्या पाच न्यायाधीशांना पगार कोणी द्यायचा, या प्रश्नावरून त्या वसाहतीत जे रण माजले, ते चहाच्या रणाहून कमी नव्हते. त्या रणातून जो माणूस घडला त्याने पुढे एक राज्यघटना लिहिली आणि ती घटना आजही चालू आहे. माणसाचे नाव जॉन ॲडम्स.

अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष एवढीच त्याची आपल्याला ओळख असते. वॉशिंग्टन आणि जेफरसन या दोन उंच माणसांमध्ये उभा असलेला हा बुटका, स्थूल, तापट वकील फोटोत दडून जावा तसा इतिहासात दडून गेला आहे. त्यालाही याची कल्पना होती आणि त्याचे त्याला आयुष्यभर वाईट वाटत राहिले. मानाची हाव त्याला होती. ती तो आपल्या रोजनिशीत स्वतःच कबूल करी आणि पुन्हा त्याच हावेने पछाडला जाई. अशा माणसाबद्दल वाचताना कंटाळा येत नाही.

त्याचा जन्म १७३५ च्या ऑक्टोबरातला, बोस्टनजवळच्या ब्रेनट्री या खेड्यातला. वडील शेतकरी, हिवाळ्यात चपला-जोडे शिवण्याचे काम करीत आणि गावच्या चर्चमध्ये त्यांना मान असे. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा. मुलगा हार्वर्डमधून १७५५ साली पदवी घेऊन निघाला, वूस्टर गावी शाळामास्तर झाला आणि मुलांना धडे देता देता त्याच्या लक्षात आले की आपला पिंड धर्मोपदेशकाचा नाही. जेम्स पटनम नावाच्या वकिलाच्या हाताखाली त्याने कायद्याची पुस्तके वाचली. १७५८ साली त्याला बोस्टनच्या न्यायालयात वकिलीची परवानगी मिळाली. सुरुवातीची पक्षकार मंडळी म्हणजे कुंपणावरून, गुरांवरून, वाटेच्या हक्कावरून भांडणारे शेजारी. आपल्या तालुक्याच्या कोर्टात जे दिसते तेच.

१७६१ च्या फेब्रुवारीत हा पंचवीस वर्षांचा वकील बोस्टनच्या सरकारी इमारतीतल्या कौन्सिलच्या दालनात एक खटला ऐकायला बसला होता. कस्टमच्या अधिकाऱ्यांना कोणाच्याही घरात वा गोदामात शिरून चोरटा माल शोधण्याची सरसकट मुभा देणारी वॉरंटे काढावीत की नाहीत, हा वादाचा विषय. व्यापाऱ्यांच्या बाजूने जेम्स ओटिस उभा होता. ओटिस तासन्‌तास बोलला. ॲडम्स टिपणे घेत होता, पण भाषण इतके पेटले की टिपणे अर्धवटच राहिली. म्हातारपणी तो सांगत असे की अमेरिकेचे स्वातंत्र्य त्या दालनात जन्माला आले. म्हाताऱ्यांच्या आठवणी थोड्या फुगतात हे धरूनही त्यात तथ्य आहे.

पण त्या दिवशी वकिलाइतकाच पाहण्यासारखा माणूस न्यायासनावर होता. मुख्य न्यायाधीश टॉमस हचिन्सन. हे गृहस्थ त्याच वेळी वसाहतीचे उपराज्यपाल होते, राज्यपालांच्या कौन्सिलाचे सभासद होते आणि वारसा-मृत्युपत्रांचे खटले चालवणारे न्यायाधीशही होते. कायद्याचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते. म्हणजे कायदा करणाऱ्यांत तेच, तो राबवणाऱ्यांत तेच आणि त्याचा अर्थ लावायलाही तेच. हचिन्सन वाईट माणूस नव्हता. अभ्यासू होता, आपल्या वसाहतीचा इतिहास त्याने मेहनतीने लिहिला. पण वॉरंटांबद्दलचा निर्णय त्याने लांबणीवर टाकला, लंडनहून विचारणा करून घेतली आणि वर्षअखेर निकाल सरकारच्या बाजूने लागला. उपराज्यपाल हचिन्सनला अडचणीत आणणारा निकाल न्यायाधीश हचिन्सन देईल, अशी अपेक्षा करणेच चूक होते. ॲडम्सच्या मनात हा माणूस काट्यासारखा रुतून बसला. त्याच्या रोजनिशीत हचिन्सनच्या पदांची यादी पुन्हा पुन्हा येते; थोडीफार असूयाही तिच्यात आहे. पण त्या असूयेतून एक प्रश्न तयार झाला आणि तो ॲडम्सला पुढे वीस वर्षे पुरला.

१७६४ साली त्याचे ॲबिगेल स्मिथशी लग्न झाले. या बाईंबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल. शाळेचे तोंड न पाहता वडिलांच्या ग्रंथसंग्रहावर वाढलेली ही मुलगी नवऱ्याच्या दीर्घ गैरहजेरीत शेत सांभाळी, मुले वाढवी आणि नवऱ्याला राजकारणावर अशी पत्रे लिही की ती आजही आवडीने वाचली जातात. ॲडम्सच्या बहुतेक मोठ्या निर्णयांची किंमत घरात तिने मोजली.

त्यातला पहिला मोठा निर्णय १७७० चा. ५ मार्चच्या रात्री बोस्टनमध्ये जमावाने ब्रिटिश शिपायांना घेरले, बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकली. शिपायांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसे दगावली. गाव संतापाने पेटला. कॅप्टन टॉमस प्रेस्टन आणि आठ शिपाई यांच्यावर खुनाचा खटला भरला गेला आणि त्यांचे वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना. दुसऱ्या दिवशी ॲडम्सकडे विचारणा झाली आणि त्याने ते घेतले. पत्नी त्या वेळी गरोदर होती आणि जमावाला खिडक्या फोडायला कारण लागत नसे. पाच वर्षांपूर्वीच हचिन्सनचे राहते घर जमावाने एका रात्रीत उद्‌ध्वस्त केले होते.

खटला लगेच न चालवता शरद ऋतूपर्यंत पुढे गेला, ही आरोपींच्या दृष्टीने मोठी गोष्ट. तोवर डोकी जरा थंड झाली. शिपायांच्या खटल्यातल्या ज्युरीत बोस्टन शहरातला एकही माणूस नव्हता. सगळे आसपासच्या गावांतले. मरणाऱ्यांपैकी पॅट्रिक कार नावाच्या माणसाने आपल्या डॉक्टरला सांगितले होते की शिपायांनी पुष्कळ सहन केले आणि ज्याची गोळी मला लागली त्याच्यावर माझा राग नाही. हा जबाब न्यायालयापुढे आला. प्रेस्टन सुटला. आठांपैकी सहा शिपाई निर्दोष ठरले. दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडण्यात आले. सगळ्या कामाबद्दल ॲडम्सच्या हाती पडल्या अठरा गिनी. गावात काही काळ त्याचे नाव वाईट झाले. पण त्याच वर्षी, खटला उभा राहण्यापूर्वीच, बोस्टनकरांनी त्याला विधिमंडळात निवडूनही दिले होते. माणसे आपल्याला वाटतात त्यापेक्षा कधी कधी शहाणी असतात.

आता पगाराकडे येऊ. वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयातल्या न्यायाधीशांना दरवर्षी विधिमंडळ अनुदान मंजूर करी. रक्कम तुटपुंजी, तीही दरसाल नव्याने मागायची. १७७२ साली बातमी आली की यापुढे न्यायाधीशांचा पगार इंग्लंडचा राजा देणार, आणि तोसुद्धा वसाहतीतून गोळा केलेल्या जकातीतून. वरवर पाहता न्यायाधीशांची सोय झाली. पण न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल करणार, राज्यपालाची राजा. न्यायाधीश पदावर राहणार तो वरून मर्जी असेतोवर. आणि आता पगारही राजाचा. मग राजाचा कस्टम अधिकारी विरुद्ध बोस्टनचा दुकानदार असा दावा उभा राहिला तर काय होणार?

सरकारच्या बाजूने विल्यम ब्रॅटल या वजनदार माणसाने असे मांडले की घाबरण्याचे कारण नाही, जुन्या इंग्लिश कायद्याप्रमाणे न्यायाधीश वर्तन चांगले आहे तोवर पदावर राहतो, त्याला मर्जीने काढता येत नाही. ॲडम्सने १७७३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वर्तमानपत्रातून या म्हणण्याचा समाचार घेतला. लेखांमागून लेख, जुन्या निवाड्यांचे आणि ग्रंथांचे ढीग. मी त्यातले काही वाचले आहेत. रविवारच्या वाचकाला ते झेपणार नाहीत हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यांचा निष्कर्ष साधा आणि भयंकर होता. इंग्लंडातल्या न्यायाधीशांना १७०१ च्या कायद्याने ते संरक्षण मिळाले होते. समुद्रापलीकडच्या वसाहतींतल्या न्यायाधीशांना ते कधीच मिळाले नव्हते. ज्याला सगळे जण आपला हक्क समजून बसले होते तो हक्क कागदावर नव्हताच.

योगायोग पाहा. त्याच १७७३ साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुणे राघोबादादांसमोर ताठ उभे राहिले. ती कथा आपल्या रक्तात आहे, आणि ती एका माणसाच्या निःस्पृहतेची कथा आहे. ॲडम्सला वेगळाच घोर लागला होता. प्रत्येक न्यायासनावर रामशास्त्री बसणार नाहीत हे गृहीत धरून व्यवस्था कशी लावायची, हा तो घोर.

पाचांपैकी चार न्यायाधीशांनी लोकक्षोभापुढे राजाचा पगार नाकारला. मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर, म्हणजे हचिन्सनचे सोयरे, अडून बसले. त्यांचे म्हणणे असे की इतकी वर्षे अपुऱ्या पगारावर काम करून मी पदरचे घालतो आहे. मला ऑलिव्हरची थोडी कणव येते, कारण हे खरे होते. विधिमंडळ न्यायाधीशांना दरसाल हात पसरायला लावीत होते, हाही एक प्रकारचा दबावच. पण त्या वेळी हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. ॲडम्सने महाभियोगाची वाट सुचवली आणि १७७४ च्या प्रारंभी प्रतिनिधिगृहाने ऑलिव्हरवर महाभियोगाचे आरोप ठेवले. राज्यपालपदी तोवर हचिन्सन आलेलाच होता. त्याने ते पुढे जाऊ दिले नाहीत. मग गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपला उपाय काढला. ज्युरीला बोलावलेली माणसे न्यायालयात येत आणि ऑलिव्हरच्या हाताखाली शपथ घ्यायला नकार देत. ज्युरी नाही तर खटला नाही. त्या सप्टेंबरात वूस्टरमध्ये हजारो लोकांनी न्यायालयाचे दार अडवले आणि न्यायाधीशांना टोप्या हातात घेऊन त्यांच्या रांगांमधून जावे लागले. लेक्झिंग्टनची पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते. राजाची सत्ता मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यांतून गेली ती कोर्टाच्या पायरीवरून.

पुढे युद्ध आले, फिलाडेल्फियाची काँग्रेस आली, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. ते सगळे परिचयाचे आहे. एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. १७७५ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या नव्या सरकारने खुद्द ॲडम्सलाच मुख्य न्यायाधीश नेमले. तो काँग्रेसच्या कामात अडकलेला. एकदाही न्यायासनावर बसला नाही आणि १७७७ मध्ये त्याने राजीनामा दिला. दोन पदे धरून ठेवण्यावरून त्याने ज्यांना झोडपले, त्यांच्याच ओळीत त्याचे नाव वर्षभर तरी होते.

१७७६ च्या वसंतात, काही प्रतिनिधींनी आपापल्या राज्यासाठी सल्ला मागितल्यावरून, त्याने शासनाविषयीचे आपले विचार एका छोट्या पुस्तिकेत मांडले. न्यायसंस्था कायदेमंडळ आणि कार्यकारी सत्ता या दोन्हींपासून निराळी असावी. न्यायाधीश कायद्यात मुरलेले, शांत डोक्याचे असावेत. त्यांनी दुसरा उद्योग करू नये. पद तहहयात असावे आणि पगार कायद्याने ठरलेला असावा. बारा वर्षांचा अनुभव दोन-चार वाक्यांत उतरला होता.

हे सगळे प्रत्यक्ष कलमांत बांधण्याची संधी १७७९ साली आली. आदल्या वर्षी विधिमंडळाने स्वतःच एक घटना लिहून गावांकडे धाडली होती. लोकांनी ती मोठ्या बहुमताने फेटाळली. तिच्यात हक्कांची सनद नव्हती, हे एक कारण. शिवाय विधिमंडळानेच आपल्या अधिकारांची घटना लिहावी हेच पुष्कळांना रुचले नव्हते. तेव्हा फक्त घटना लिहिण्यासाठी वेगळी परिषद निवडायची आणि मसुदा पुन्हा गावोगावच्या सभांपुढे ठेवायचा असे ठरले. ॲडम्स फ्रान्समधून ऑगस्टमध्ये घरी परतला होता. ब्रेनट्रीने त्याला लगेच निवडून दिले. १ सप्टेंबरला केंब्रिजमध्ये परिषद भरली. तिने समिती नेमली, समितीने तिघांची उपसमिती नेमली, आणि उपसमितीतल्या उरलेल्या दोघांनी, म्हणजे जेम्स बोडन आणि सॅम्युएल ॲडम्स यांनी, काम जॉनच्या गळ्यात घातले. समित्यांचे हे शास्त्र आपल्या सहकारी सोसायट्यांनाही ठाऊक आहे. नोव्हेंबरात त्याला पुन्हा युरोपला जहाज पकडायचे होते. त्यापूर्वीच्या काही आठवड्यांत ब्रेनट्रीच्या लाकडी घरात बसून त्याने एका राज्याची घटना लिहिली.

तिच्यात न्यायालयांची व्यवस्था कशी लावली आहे ते पाहण्यासारखे आहे, कारण प्रत्येक कलमामागे कोणीतरी जिवंत माणूस उभा आहे. हक्कांच्या सनदेतल्या अकराव्या कलमात म्हटले आहे की अन्याय झालेल्या प्रत्येकाला कायद्याने दाद मिळावी, आणि ती विकत न घेता, पुरती आणि विनाविलंब मिळावी. (आपल्या पक्षकारांनी हे वाचून उसासा टाकू नये, मॅसॅच्युसेट्समध्येही तारखा पडतात.) एकोणतिसाव्या कलमात असे आहे की आयुष्य, मालमत्ता आणि अब्रू यांच्या रक्षणासाठी न्यायाधीश माणसाच्या आवाक्यात असेल तितका निःपक्ष आणि स्वतंत्र असावा. माणसाच्या आवाक्यात असेल तितका, ही पुस्ती मला फार आवडते. तिच्यात वीस वर्षे कोर्टात घालवलेला वकील दिसतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश वर्तन चांगले आहे तोवर पदावर राहतील, आणि त्यांना सन्मानाने जगता येईल असा पगार कायमच्या कायद्याने ठरवलेला असेल. म्हणजे राजाची मर्जी गेली आणि विधिमंडळापुढे दरसाल हात पसरणेही गेले. ऑलिव्हरला शिव्या देणाऱ्यांपैकी एकाने ऑलिव्हरचे गाऱ्हाणे ऐकले होते, असे इथे वाटते.

तिसाव्या कलमात तिन्ही सत्ता एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या, हेतू हा की राज्य कायद्यांचे असावे, माणसांचे नसावे. त्या कलमाच्या मागे हचिन्सन उभा आहे, आणि शेवटच्या भागात तर तो नावानिशी असल्यासारखाच आहे: वरिष्ठ न्यायाधीशाला दुसरे पद धारण करता येणार नाही, विधिमंडळात बसता येणार नाही.

नेमणूक राज्यपालाने कौन्सिलाच्या संमतीने करायची, आणि नाव सुचवल्यापासून किमान सात दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे रातोरात कोणी न्यायाधीश होणार नाही. काढायचे तर दोन मार्ग. प्रतिनिधिगृहाने महाभियोग भरावा आणि सिनेटने तो चालवावा. किंवा दोन्ही सभागृहांनी विनंती करावी आणि राज्यपालाने कौन्सिलाच्या संमतीने न्यायाधीशाला दूर करावे. खालच्या पायरीवरच्या जस्टिस ऑफ द पीसची सनद सात वर्षांनी संपायची. काम चांगले असेल तर नवी मिळायची. वारसा-मृत्युपत्रांच्या न्यायाधीशांनी लोकांच्या सोयीच्या ठिकाणी, ठरल्या दिवशी बसायचे. विधवेला घोड्यावर बसून दिवसभर हिंडावे लागू नये, असा साधा घरगुती विचार. आणि महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर विधिमंडळाला वा राज्यपालाला न्यायाधीशांचे मत आधीच विचारता येईल, असेही एक कलम. आपल्या घटनेतल्या १४३ व्या कलमाखाली राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागतात ते वाचकांना आठवेल. आपल्याकडे ते दुसऱ्या वाटेने आले. पण गरज तीच.

परिषदेने मसुदा जसाच्या तसा घेतला नाही. राज्यपालाला पूर्ण नकाराधिकार असावा हे ॲडम्सचे लाडके मत तिने कापले. आणखी एक शब्द बदलला. सनदेच्या पहिल्या कलमात ॲडम्सने माणसे सारखीच स्वतंत्र जन्मतात असे लिहिले होते. परिषदेने ते माणसे स्वतंत्र आणि समान जन्मतात असे केले. गावसभांनी १७८० च्या वसंतात वाद घालघालून मसुदा संमत केला (मतांची मोजणी जरा सैल हाताने झाली असे इतिहासकार म्हणतात) आणि २५ ऑक्टोबर १७८० रोजी घटना अमलात आली. ॲडम्स तेव्हा युरोपात होता.

कागदावरच्या या शब्दांचे पुढे काय झाले? १७८१ साली बेट नावाची एक गुलाम बाई पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका वकिलाकडे गेली. धन्याच्या घरात झालेल्या चर्चांतून तिच्या कानावर आले होते की नव्या घटनेप्रमाणे सगळी माणसे स्वतंत्र आणि समान आहेत. तिला लिहितावाचता येत नव्हते. ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला. ती मुक्त झाली आणि धन्याने तिला व तिच्यासोबत दावा लावणाऱ्या ब्रॉमला तीस शिलिंग नुकसानभरपाई द्यावी असे ठरले. पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन असे नाव घेतले. त्याच सुमारास क्वॉक वॉकर या गुलामाचे खटले वर गेले आणि १७८३ मध्ये मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्युरीला सांगितले की या घटनेत गुलामगिरीला जागा नाही. १७९० च्या शिरगणतीत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात एकही गुलाम नव्हता. मर्जीवर खुर्ची असलेल्या न्यायाधीशाने असे सांगितले असते का, हे मला ठाम सांगता येणार नाही. पण श्रीमंत धन्यांच्या राज्यात ते सांगणे सोपे खासच नव्हते. ॲडम्सने स्वतः कधी गुलाम बाळगला नाही. तरी ज्या शब्दाने हे काम केले तो शब्द त्याचा नव्हता, परिषदेचा होता.

ॲडम्सच्या पुढच्या वीस वर्षांवरून मी भरभर जातो. ब्रिटनशी तह, लंडनमध्ये वकिलात, आठ वर्षे उपाध्यक्षपद, मग १७९७ पासून चार वर्षे राष्ट्राध्यक्षपद. दरम्यान १७८७ च्या संघराज्याच्या घटनेतही न्यायाधीश वर्तन चांगले असेतोवर पदावर आणि पगार कमी न होण्याची हमी, हीच दोन खुंटे आली. पण एक डाग लपवता येत नाही. १७९८ साली ॲडम्सने राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकारवर टीका करणारे संपादक, एक काँग्रेस-सदस्यसुद्धा, तुरुंगात गेले. आणि त्यांना तिथे धाडणारे न्यायाधीश तहहयात पदाचे, पक्क्या पगाराचे होते. सॅम्युएल चेस तर न्यायासनावरून फिर्यादी वकिलासारखे वागले. खुर्ची पक्की केली की ताठ कणा आपोआप येतो असे नाही, हे ॲडम्सच्याच कारकिर्दीने दाखवले.

१८०० च्या निवडणुकीत तो हरला. मुख्य न्यायाधीश ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी आजारपणामुळे पद सोडले होते. ॲडम्सने जॉन जे यांना विचारले, त्यांनी नकार दिला. मग जानेवारी १८०१ मध्ये त्याने आपला परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल याचे नाव सिनेटकडे धाडले. जाता जाता नव्या कायद्याने सोळा वरिष्ठ न्यायाधीशांच्या जागाही भरल्या. विरोधकांनी त्यांना मध्यरात्रीचे न्यायाधीश म्हणून हिणवले. नव्या काँग्रेसने पुढच्या वर्षी तो कायदाच रद्द केला आणि त्या सोळा तहहयात खुर्च्या नाहीशा झाल्या.

गंमत अशी की मार्शल महिनाभर एकाच वेळी सरन्यायाधीश आणि परराष्ट्रमंत्री होता. हचिन्सनच्या पदांची यादी करणाऱ्या ॲडम्सला हे खटकल्याची खूण मला कुठे दिसत नाही. आणि त्या घाईत परराष्ट्रमंत्री मार्शलच्या कचेरीत काही नेमणूकपत्रे पोचवायची राहून गेली. त्यांतले एक विल्यम मार्बरीचे. मार्बरीने दावा लावला आणि १८०३ साली सरन्यायाधीश मार्शलने त्यात निकाल देताना घटनेशी विसंगत असलेला काँग्रेसचा कायदा न्यायालय रद्दबातल ठरवू शकते हे प्रस्थापित केले. आपल्या पोस्टाच्या चुकीतून उद्‌भवलेला खटला स्वतःच चालवून त्याने जगातल्या घटना-न्यायालयांचा पाया घातला. ब्रेनट्रीच्या वकिलाने लिहिलेल्या कलमांच्या शिस्तीत हे मुळीच बसत नव्हते. मार्शलची नेमणूक ही आपल्या आयुष्यातली अभिमानाची गोष्ट, असे ॲडम्स उतारवयात मानीत असे.

नंतरच्या पन्नास वर्षांत अमेरिकेतल्या एकामागून एक राज्यांनी न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडायला सुरुवात केली. मिसिसिपीने १८३२ साली, न्यूयॉर्कने १८४६ साली. आज बहुतेक राज्यांत न्यायाधीशाला कधी ना कधी मतदारांपुढे जावे लागते, आणि त्यासाठी निधी गोळा करावा लागतो. पगार कोण देतो या प्रश्नाचे हे नवे रूप. मॅसॅच्युसेट्सने ती वाट धरली नाही. १८५३ साली न्यायाधीशांची मुदत मर्यादित करण्याची सूचना तिथल्या मतदारांनी नाकारली. १९७२ साली सत्तराव्या वर्षी निवृत्ती आणली, तेवढाच फरक. आजही तिथे राज्यपाल नाव सुचवतो आणि कौन्सिल संमती देते. बोस्टनमधल्या ज्या इमारतीत हे न्यायालय बसते तिला ॲडम्सचे नाव दिले आहे.

१८२० साली घटनेत दुरुस्त्या करण्यासाठी पुन्हा परिषद भरली. पंच्याऐंशी वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी ॲबिगेल गेल्याने एकटा पडलेला ॲडम्स निवडून गेला. परिषदेने त्याला अध्यक्षपद देऊ केले. तब्येतीमुळे त्याने ते घेतले नाही. ते काम राज्याच्या मुख्य न्यायाधीशांनी केले. म्हाताऱ्याने एकच दुरुस्ती लावून धरली: सर्व धर्मांच्या लोकांना कायद्यापुढे सारखे मानावे. ती फेटाळली गेली. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तो वारला. जेफरसनही त्याच दिवशी. राष्ट्राध्यक्षपदी तेव्हा त्याचा मुलगा होता. जॉन मार्शल आणखी नऊ वर्षे सरन्यायाधीश राहिला.